नाद गाडीचा, आवाज सायलेन्सरचा

कोल्हापूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. नाव, पेठ आणि गाडीचा नंबर गाळला आहे. (नंबर त्यांनी का कळवला होता कोण जाणे.) पत्राचा सारांश असा:

‘माझी २०११ची मारुती जिप्सी आहे, पेट्रोल, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन), कॅनव्हासचं हूड. तीन वर्षांपूर्वी ग्रुपमधल्या मित्रांच्या सांगण्यावरून मूळ सायलेन्सर काढून फ्री-फ्लो, म्हणजे आतून मोकळा सायलेन्सर, बसवला. पहिले सहा महिने मजा आली. आता ताशी सत्तरच्या पुढं गेलं, आरपीएम मीटरचा काटा २,८००च्या आसपास आला, की आत असं घुमतं की शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. बायको दिवाळीपासून गाडीत बसलेली नाही. रविवारी पहाटे पाचला गाडी काढली की वडील (वय ७६) दचकून उठतात, समोरच्या काकू खिडकी आपटतात. मूळ सायलेन्सर दगडांवर घासायचा, त्यामुळं तो परत नको. ग्रुप म्हणतो, आवाज गेला की ताकद गेली, चढाला गाडी रडेल. शिवाय घाटात आणि जंगलात आवाज असला की समोरच्याला कळतं. पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं होतात, पासिंगला जायचंय. शांत, पॉवर न खाणारा आणि ऑफ-रोडला टिकणारा सायलेन्सर कोणत्या कंपनीचा घेऊ? फक्त नाव सांगा, पुढचं मी बघतो.’

नाव सांगत नाही, रागावू नका. पायाचं माप न देता कोल्हापुरीचा जोड मागवावा तसं ते होईल. तुम्ही एका पत्रात तीन वेगवेगळ्या तक्रारी एका गाठोड्यात बांधल्यात आणि तिन्हींवर एकच डबा मागताय. गाठोडं आधी सोडू.

बायकोची तक्रार आतल्या घुमण्याची आहे, तीही एका ठराविक वेगाला. वडिलांची आणि काकूंची तक्रार बाहेरच्या आवाजाची आहे, तीही पहाटे, थंड इंजिनाच्या वेळची. ग्रुपची आवाजाबद्दल तक्रारच नाही, त्यांना भीती आहे ती ताकद जाण्याची. पहिलीवर जो इलाज चालतो तो दुसरीवर चालेलच असं नाही, आणि तिसरीचा सायलेन्सरशी फारसा संबंध नाही.

काकूंपासून सुरुवात करते, कारण तिथं एक पैसा न घालवता काम होतं. गार इंजिन सुरू झालं की ते काही वेळ नेहमीपेक्षा जास्त फेऱ्यांवर आणि जास्त पेट्रोलवर चालतं, म्हणून आवाज मोठा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा, आणि निवासी भागात त्या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल. तुमचे पाच वाजले म्हणजे कायद्याच्या हिशेबानं काकूंची रात्रच चालू आहे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझी पैज आहे की तुम्ही गाडी सुरू करून दहा मिनिटं तशीच ठेवता आणि तेवढ्यात आइसबॉक्स, दोर, पाण्याचे कॅन भरता. ‘गरम होऊ दे जरा.’ कार्ब्युरेटरच्या काळात ते ठीक होतं. तुमच्या एमपीएफआय इंजिनाला अर्धा मिनिट पुरतो. त्यानंतर पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायानं चालवली की ते चालता चालता गरम होतं. सामान शनिवारी रात्री भरून ठेवा, किल्ली शेवटी फिरवा, थेट गल्लीबाहेर पडा. दहा मिनिटांचा त्रास अर्ध्या मिनिटावर येईल. वडिलांची झोप कदाचित तेवढ्यानंही मोडेल, पण काकूंची खिडकी बहुधा वाचेल.

आता आतलं घुमणं. ते सायलेन्सरचंच आहे हे तुम्ही गृहीत धरलंय. असेलही. पण खात्री केलीत का?

सरळ, सपाट, मोकळा रस्ता बघा. ज्या वेगाला घुमतं त्या वेगाला गाडी आणा, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि इंजिन आयडलवर येऊ द्या. किल्लीला हात लावू नका, बंद इंजिनावर ब्रेकची मदत जाते. गाडी नुसती घरंगळत असताना घुमणं राहिलं तर ते मड टायरचं किंवा ट्रान्सफर केसचं (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचं) आहे, आणि जगातला कुठलाही सायलेन्सर ते थांबवू शकणार नाही. घुमणं गेलं तर मग गाडी उभी करून त्याच २,८०० फेऱ्यांवर धरा. उभ्या गाडीतही तेच घुमत असेल तर चोर एक्झॉस्टच्या बाजूला आहे.

पण त्या बाजूला म्हणजे डब्यातच असं नाही. हे करून बघा. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना, मोकळ्या जागेत, गाडी सुरू करायला कुणाला तरी बसवा. हातात जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याचा बोळा टेल पाइपच्या तोंडावर चार-पाच सेकंद दाबून धरा. पाइपची जोडणी घट्ट असेल तर दाब वाढून फडकं हाताला ढकलू लागतं आणि इंजिन गुदमरायला लागतं. तसं न होता पुढून कुठून तरी फुस्स-फुस्स ऐकू आलं तर गळती आहे. मग खाली वाकून बॅटरीच्या उजेडात फ्लँज, म्हणजे पाइप जोडणाऱ्या चकत्या, बघा. गॅस्केटच्या कडेला काळी, सुकी काजळी पंख्यासारखी पसरलेली दिसेल, जणू कुणी तिथं उदबत्ती धरली होती. मॅनिफोल्डचे (इंजिनाला लागून असलेल्या पहिल्या पाइपचे) नट, पुढच्या पाइपचा सांधा, कॅट-कॉनच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीची-नंतरची जोडणी, हे सगळं बघा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बिचारा पेट्रोल वाढवत बसतो. म्हणजे आवाजही तुमचा, पेट्रोलही तुमचं. असं असेल तर एका गॅस्केटमध्ये अर्धी तक्रार मिटेल.

दुसरी जागा हँगरची. कंपनीच्या गाडीत सायलेन्सर रबरावर टांगलेला असतो, कारण इंजिन आपल्या माउंटिंगवर हलतं आणि त्याच्याबरोबर सगळा पाइप डोलतो. आपल्याकडं फ्री-फ्लो बसवताना रबर मिळालं नाही की सळईचा तुकडा सरळ चेसिसला वेल्ड करून मोकळे होतात. मग इंजिनाची प्रत्येक थरथर चेसिसमधून सीटखाली येते. खाली झोपून पाइप हातानं हलवा (अर्थात गार असताना). सगळीकडं दोन बोटं डोलला पाहिजे आणि कुठंही चेसिसला, पाट्याला (स्प्रिंगच्या पट्ट्यांना) किंवा क्रॉस मेंबरला (चेसिसच्या आडव्या दांड्याला) टेकता कामा नये. टेकलेली जागा घासून चकचकीत झालेली असते, ती लगेच दिसते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या घरी जुनी डिझेल जीप होती. तिचा सायलेन्सर सडला तेव्हा एका ओळखीच्या कारागिराकडून आम्ही गोल, सरळ नळीचा सायलेन्सर करून घेतला. ‘वहिनी, आवाज असा येईल की गल्ली वळून बघेल,’ असं तो म्हणाला होता. मला खरं तर उलटं हवं होतं, पण काम करणाऱ्याच्या उत्साहापुढं मी गप्प बसले. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी ओल्या फरशीवर, जीपच्या मागं, पांढरट तंतू पडलेले दिसले. मला वाटलं, सावरीचा कापूस उडून आला. बोटांना लागला तसा चावायला लागला तेव्हा कळलं, ही काचेची लोकर आहे, आमच्या सायलेन्सरच्या पोटातली. आठवडाभरात आवाज पहिल्यापेक्षा दुप्पट झाला. तुमच्या पत्रातलं ‘पहिले सहा महिने मजा आली, आता…’ हे वाक्य वाचलं आणि ती फरशी डोळ्यांपुढं आली. तुमचा कान बदललाय असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, तुमचा सायलेन्सरच बदललाय.

म्हणून डब्याच्या आत काय असतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे दुकानात कुणी गंडवणार नाही. ढोबळमानानं दोन जाती. एकीत आरपार जाळीदार नळी आणि तिच्याभोवती लोकर. वायू सरळ निघून जातो, आवाज जाळीतून लोकरीत शिरतो आणि विरतो. ही जात तीक्ष्ण, फाटका आवाज चांगला गिळते, पण खर्ज तिच्यातून तसाच निघून जातो. लोकर जळाली, उडाली की तीक्ष्ण आवाजही सुटतो. दुसऱ्या जातीत डब्याला आतून पडदे घालून खोल्या केलेल्या असतात आणि नळ्या एका खोलीतून दुसरीत उघडतात. आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून मागं फिरतात आणि येणाऱ्या लाटांना मारतात. खर्ज मारायला हीच जात लागते, आणि डबा मोठा लागतो. फ्री-फ्लोचा जो ‘भारदस्त’ आवाज तुम्हाला आवडला होता तो म्हणजे न गिळलेला खर्ज, आणि गाडीत घुमतो तोही हाच.

नेमका २,८००लाच का? तुमच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत दोन स्फोट होतात. मिनिटाला २,८०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ९३ ठोके. त्या सुराला तुमची गाडी, म्हणजे पत्रा, हूड आणि आतली हवा, तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी साथ देते. वेग पाच-सात किलोमीटरनं कमी-जास्त केला की सूर सुटतो. तुम्हीही नकळत तसं करत असाल.

यावर एक गंमतीशीर इलाज आहे, जो फार कमी लोक करतात. मुख्य पाइपला एका बाजूनं फांदी काढायची आणि तिचं दुसरं टोक बंद ठेवायचं. वायू त्यात जाऊन कुठंच पोचत नाही, पण लाट आत जाऊन परत येते आणि बरोबर उलट्या पावलावर येणाऱ्या लाटेला भेटून तिला संपवते. फांदीची लांबी त्या सुराच्या लाटेच्या पाव हिश्शाइतकी लागते. तुमच्या ९३ ठोक्यांसाठी, तापलेल्या वायूत, ती सव्वा मीटरच्या आसपास येते. वायू जितका थंड तितकी लांबी कमी, म्हणून टोक थोडं लांब ठेवून ऐकत ऐकत कापायचं. वायूच्या वाटेत काही येत नसल्यानं ताकदीला धक्का नाही. अडचण एवढीच की जिप्सीखाली सव्वा मीटर वळवायला जागा शोधावी लागते आणि हा इलाज त्या एका सुरापुरताच चालतो. काकूंना त्याचा काही उपयोग नाही.

आता ताकदीचं. ‘आवाज गेला की ताकद गेली’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की ते म्हणणाऱ्यांवर आता हसूही येत नाही. यात थोडं खरं आहे. फार अरुंद किंवा आतून तुंबलेला सायलेन्सर इंजिनाचा श्वास कोंडतो. पण तुमच्या १.३ लिटर इंजिनाची कमाल ताकद ८० अश्वशक्ती, तीही ६,००० फेऱ्यांवर. ऑफ-रोडला तुम्ही लो-रेंजमध्ये (चढासाठीच्या हळू, जास्त ओढीच्या गिअरमध्ये), दुसऱ्या गिअरला, दीड-दोन हजार फेऱ्यांवर दगड चढवत असता. तिथं वायू इतका कमी असतो की मूळ सायलेन्सरही त्याला अडवत नाही. उलट जाड पाइप घातला की वायूचा वेग पडतो आणि खालच्या फेऱ्यांतली ओढ ढिली होऊ शकते. या इंजिनाला पावणेदोन इंची पाइप पुरतो. कुणी सव्वादोन इंच घालू म्हणालं तर चहा पिऊन निघून या. ‘इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच’ असंही कुणीतरी म्हणेल. इंजिनाला अडथळा कधीच लागत नाही. लागतो तो वायूचा वेग. मूळ सायलेन्सरवर आणि फ्री-फ्लोवर तोच चढ, तोच गिअर, तेवढीच माणसं घेऊन घड्याळ लावून बघा. ग्रुपमध्ये असं आजवर कुणी केलंय का, एवढं विचारा. माझा अंदाज आहे की फरक कानाला कळतो, घड्याळाला नाही.

घाटातल्या सुरक्षेचं म्हणाल तर टेल पाइपचं तोंड मागं असतं. तुमचा आवाज सगळ्यात जास्त ऐकू येतो तो तुम्ही ज्याच्यापुढून निघून गेलात त्याला. वळणावर समोरून येणाऱ्यासाठी हॉर्न आहे, रात्री डिपर आहे. आणि जंगल? दाजीपूर-राधानगरीकडं जाणारे तुम्ही, गव्याच्या गावचे. राधानगरी अभयारण्य १९५८पासूनचं आहे. तिथल्या रस्त्यावर गवा आडवा आला तर त्याला दचकवणं ही कुठल्या अर्थानं सुरक्षा? आठशे-हजार किलोचं जनावर दचकल्यावर कुठल्या दिशेला पळेल हे तुमच्या ग्रुपलाही ठाऊक नाही. ताडोबात वर्षानुवर्षं हीच जिप्सी सफारीला चालली ती हळू, कमी आवाजात. तीच गाडी आहे तुमच्याकडं.

शांत गाडीचा ऑफ-रोडला एक फायदा असतो, तो मात्र मित्रांनी तुम्हाला सांगितलेला दिसत नाही. बाहेर उभा राहून ‘डावीकडं, डावीकडं, थांब’ म्हणणाऱ्याचं ऐकू येतं. चाक मोकळं फिरायला लागलं की त्याची सळसळ कळते. डिफरन्शियल दगडाला टेकला की तो ‘ठक्’ ऐकू येतो, पुढचा ‘कर्र’ व्हायच्या आधी.

मग घ्यायचं काय? माझं मन अजून तुम्ही ‘परत नको’ म्हटलेल्या मूळ सायलेन्सरकडं जातंय. तो दगडांवर घासायचा, मान्य. पण का घासायचा? जिप्सीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे. दहा-बारा वर्षांच्या गाडीचे हँगर रबर ताणून लांब झालेले असतात आणि डबा इंचभर खाली आलेला असतो. पाटेही बसतात. नवीन रबर, गरज असेल तर हँगरची जागा थोडी वर, आणि डब्याखाली तीन मिलिमीटरच्या पत्र्याची घसरपट्टी, पुढून तिरपी वळवलेली, म्हणजे दगडाला अडकण्याऐवजी त्यावरून सरकेल. पट्टी आणि डबा यांच्यात बोटभर फट ठेवा, नाहीतर चिखल भरून सुकतो आणि पत्रा आतून सडतो. तुमच्या जागी मी असते तर आधी हेच केलं असतं. ज्यानं फ्री-फ्लो बसवला त्याच्या गॅरेजच्या माळ्यावर तुमचा जुना डबा अजून पडलेला असण्याची शक्यता आहे. भंगारात गेला नसेल तर तोच तपासून घ्या. आतून खुळखुळत असेल तर पडदे सुटलेत, तो सोडून द्या आणि नवीन आणा.

मूळचा नकोच असेल, तर पडदे असलेला, मिळेल तेवढा मोठा पण चपटा, अंडाकृती डबा घ्या, आणि टेल पाइपच्या आधी एक छोटा लोकरीचा रेझोनेटर बसवा. मोठा डबा खर्ज खातो, छोटा उरलेली फरफर. लोकर काचेची नको. स्टीलच्या तारांची किंवा बसाल्टची मागा, आणि उघडून बदलता येईल असा डबा मिळाला तर सोन्याहून पिवळं. नुसता आहे त्या फ्री-फ्लोमध्ये लोकर नवीन भरून घेतली तरी आवाज पहिल्या सहा महिन्यांइतका खाली येईल, पण पहिल्या सहा महिन्यांतही बायको फारशी खूश नव्हती असा मला संशय आहे.

धातूबद्दल एक गैरसमज. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटला नाही म्हणजे अस्सल एसएस, स्टेनलेस स्टील. ३०४ नंबरच्या स्टेनलेसला चुंबक धरत नाही हे खरं. पण ४०९ हेही स्टेनलेसच आहे, त्याला चुंबक चिकटतो, आणि गाड्यांच्या कंपन्या एक्झॉस्टला हाच धातू भरपूर वापरतात. वरून तांबूस होतो, पण वर्षानुवर्षं टिकतो. गगनबावड्याच्या पावसात हिंडणाऱ्या गाडीला साधा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) पत्रा मात्र घालू नका.

उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये करून घेणार असाल तर कोल्हापूरकरांना कारागिरीबद्दल मी काही सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण तीन गोष्टींवर अडून बसा. पाइप गाडीवरून उतरवून वेल्ड करायचा. गाडीवरच टाका मारायची वेळ आलीच तर बॅटरी सोडायची, ईसीयूचं कनेक्शन काढायचं आणि पेट्रोलची टाकी झाकायची. दुसरं, कॅट-कॉनला हात लावू द्यायचा नाही. ‘आतली जाळी फोडू, गाडी मोकळी होईल’ असं कुणी सुचवलं तर पीयूसीत कोण पास करून देणार ते त्यालाच विचारा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेखही केला नाहीत. टेल पाइप कुठं संपतो? ऑफ-रोडला आपटू नये म्हणून कित्येक जण तो मागच्या चाकाच्या आधी, गाडीच्या पोटाखालीच तोडतात. कॅनव्हासच्या गाडीचा मागचा पडदा गुंडाळून चालवलं की गाडीमागची हवा आत ओढली जाते, आणि तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. मागच्या सीटवर पोरं पेंगायला लागतात आणि आपण म्हणतो, दमली. पाइपचं तोंड बॉडीच्या बाहेर आलंच पाहिजे. आपटण्याची भीती असेल तर वर घेऊन कोपऱ्यातून बाहेर काढा. बायकोला गाडीत डोकं दुखण्याची तक्रार असेल तर ती नुसत्या आवाजाची समजू नका. आणि मार्च-एप्रिलमध्ये सड्यावरच्या वाळल्या गवतात गाडी उभी करताना पाइप आणि कॅट-कॉन किती तापलेले असतात ते लक्षात ठेवा. वणवे असेही लागतात.

आरटीओचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२०वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो. आवाज-प्रदूषणाच्या मानकांचा भंग करून गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या १९०(२) कलमाखाली, २०१९च्या दुरुस्तीनंतर, दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्सवर गदा. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. त्यात बहुतेक बुलेटचे असतात, पण रोलर गाडीची कंपनी विचारत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेताना गाडी तपासली जाते. तेवढ्या दिवसापुरता मित्राचा सायलेन्सर लावून नेण्याची पद्धत मला माहीत आहे. ती करायचीच तर मग तो काढता कशाला, तिथंच राहू दे की.

फरक मोजायचा असेल तर मोबाइलमधल्या डेसिबल अॅपच्या आकड्यावर भांडू नका, पण आधी-नंतरच्या तुलनेला ते पुरतं. टेल पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर, पाइपच्या उंचीवर, ४५ अंशांत तिरपा फोन, इंजिन ३,००० फेऱ्यांवर. दोन्ही वेळा तीच जागा, तीच मोकळी हवा. ३ डेसिबलनं उतरलं तर कानाला जेमतेम कळेल. १० डेसिबलनं उतरलं तर आवाज निम्मा झाल्यासारखा वाटेल. दुकानदार ‘तीन-चारचा फरक पडतो बघा’ म्हणाला की याची आठवण ठेवा. त्याच्याकडून कामाआधीच कबूल करून घ्या: पैसे चक्कर मारून आल्यावर. आणि त्या चकरीला ग्रुपमधला कुणी नको. शेजारी बायको बसू दे. २,८००वर काटा आणा आणि तिच्याशी नेहमीच्या आवाजात बोला. तिनं ‘काय?’ असं विचारलं तर गाडी परत आत घ्यायची.

ग्रुप हसेल का? दोन रविवार हसेल. तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय, ‘आता मीही लांबच्या ट्रिपला दुसरी गाडी काढतो.’ म्हणजे जिप्सीचा नाद करणाऱ्या माणसानं जिप्सी घरी ठेवायला सुरुवात केलीय, आणि हे ग्रुपला अजून सांगितलेलं दिसत नाही. सांगून बघा. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या बायकांनीही दिवाळीपासून गाडीत पाय ठेवलेला नसेल.

एक राहिलं. नवीन डब्याच्या तळाला बारीक भोक दिसेल. गार इंजिनात साठलेलं पाणी निथळायला ते मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यातून पाण्याचे थेंब आणि किंचित फुसफुस येते. कारागीर ‘गळतंय, बुजवून टाकू’ म्हणेल. बुजवू देऊ नका.